यंदाचा नंबर, आजीच्या मते

७ जुलै

चि. ठमीस,
आजीचे अ. आ.

पहिली आली ती बॉयलरवाली. कडी वाजवायची असते हे तिला कुणी शिकवलंच नाही, सरळ आत, पायांत कामावरचे रबरी बूट तसेच. तू संघ सोडून गेलीस तरी कॅप्टन तीच आहे आणि आवाजही तोच आहे. बॉयलरशेजारी ओरडून बोलायची सवय, ती माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरातही ओरडूनच बोलते. तिच्या मागून ड्रायव्हरदादा. लॉन्ड्रीची गाडी चालवून उरलेल्या वेळात तो तुमचा कोच, त्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट आधी मागे घेतल्याशिवाय पुढे नेता येत नाही. मग इस्तरीवरच्या दोघी, मग घड्या घालणाऱ्या तिघी. खुर्च्या संपल्या. एक जण पिठाच्या डब्यावर बसली आणि झाकण आत गेलं. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही, तूही पत्रात विषय काढू नकोस.

मी लॉन्ड्रीतून निवृत्त झाले तरी मंडळी माझ्याकडेच आली होती रडायला. सुपरवायझरने पाळी सुटताना सगळ्यांना उभं करून सांगितलं, की गेल्या मोसमात लॉन्ड्रीचा फुटबॉल संघ आठांत आठवा आला, यंदाही आठवाच आला तर मागचं मैदान कंपनी ट्रक उभे करायला घेणार. मैदान गेलं की संघ गेलाच. बॉयलरवाली म्हणाली, आजी, आता संपलं म्हणायचं. ड्रायव्हरदादा म्हणाला, गोलकीपरच नाही तर कशाच्या जोरावर उतरायचं. घड्या घालणाऱ्या तिघींनी माझ्या टेबलावरच्या टॉवेलांच्या घड्या घालून ठेवल्या. सवय.

मी चहा ठेवला आणि म्हटलं, कोण आठवं येतंय? यंदा आपण तिसरे.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, म्हातारीला ताप आलाय का अशा. मग मी एकेक सामना उलगडून सांगितला. पहिलाच सामना सिमेंटवाल्यांशी, तो आपण जिंकतो, कारण त्यांची ती मधली धिप्पाड बाई बाळंतपणाच्या रजेवर आहे. मला तिच्या सासूनेच दवाखान्याच्या रांगेत सांगितलं, आणि वर पेढा मागितल्यासारखं तोंड करून बसली. शाळेच्या बाईंचा संघ अर्धा वेळ रेफ्रीशी वाद घालतो, तेवढ्यात आपण गोल घालायचा. नर्सबाईंच्या दोघी-तिघी रात्रपाळी करून आलेल्या असतात, त्यांच्याशी सकाळचा सामना मागून घ्यायचा आणि त्यांना मधल्या सुट्टीत खुर्च्या द्यायच्या, म्हणजे त्या उठणार नाहीत. बिस्किटवाल्यांशी आपण हरतो. हो, हरतो. मी काही वेडी नाही, म्हणून तर तिसरे म्हटलं, पहिले नाही म्हटलं.

आणि हे सगळं ठमी गोलात उभी आहे असं धरून.

इथवर घरातलं घरात होतं. संध्याकाळी साबण आणायला गेले तर समोरचा दुकानदार, तो सिमेंटवाल्यांचा जावई पडला, मला म्हणतो आजी, मैदानात ट्रक काय शोभून दिसतील. मला राहवलं नाही. म्हटलं माझी नात परत येतेय, यंदा आमचा तिसरा नंबर, लिहून घे. तर त्या गाढवाने खरंच लिहून घेतलं. ज्या फळ्यावर तेला-साखरेचे भाव लिहितो त्याच फळ्यावर, तेलाच्या खाली, खडूने: आजी, तिसरा. आता येणारा-जाणारा वाचतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो. मीही हलवते.

तेव्हा ठमे, तू येतेस. मोसम ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो. तुझ्या बापाचा गुडघा तसाच, तुझी आई तशीच. लोभ आहेच, तो वाढला तर ठेवायला इथे जागाही आहे.

तुझी
आजी


१३ जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पिठाच्या डब्याचं आईला कळलेलं आहे, तुझ्याआधी तिचंच पत्र आलं. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तू रागावणार आणि त्याआधी थोडी हसलेली असावीस.

मी येणार नाही.

तू नुसतं कॅप्टनला सांगितलं असतंस, तर तिला मी नाही म्हणून कळवलं असतं. पण तू फळ्यावर लिहवलंस. ज्या रस्त्यावरून जायला नको म्हणून मी गाव सोडलं, त्याच रस्त्यावर तेलाच्या भावाखाली मला टांगून ठेवलंस.

आजी, तू तिथे होतीस. शेवटचा सामना. बरोबरी राखली असती तरी आपण सातवे आलो असतो. चेंडू मी छातीवर घट्ट झेलला, इतका चांगला की ड्रायव्हरदादाने टाळी वाजवली. आणि मग मी डावीकडे वळले आणि मागच्या जाळीत टाकला. आपल्याच गोलात. लॉन्ड्रीत दिवसभर तेच केलेलं. समोरून धुतलेल्या चादरींचं गाठोडं येतं, ते झेलायचं, डावीकडे वळायचं, मागे उभ्या असलेल्या जाळीच्या गाडीत टाकायचं, परत समोर. त्या दिवशी हातांनी मला विचारलंच नाही. टाकून मी परत समोर तोंड केलं आणि पुढच्या गाठोड्यासाठी हात पसरून उभी राहिले. सगळं मैदान पोट धरून हसत होतं आणि मी आपली हात पसरून उभी. तुला आठवत नसेल तर बरं. मला रोज आठवतं.

इथे बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत मी बरी आहे. इथे कुणी काही फेकत नाही. काचेखालच्या फटीतून सगळं सरकत येतं आणि सरकत जातं. गेल्या आठवड्यात एका बाईने फटीतून केळं दिलं, तेसुद्धा सरकवून.

दुकानदाराला सांग, तिसरा पुसून टाक. संघ आठवा येणार, मैदान जाणार, आणि त्यात तुझी काही चूक नसेल. दुसरी कुणी गोलकीपर शोधा.

रागाव, पण रागावण्याआधी माझ्यावरचा लोभ बाजूला काढून ठेव, सांडायला नको.

तुझी
ठमी


१९ जुलै

चि. ठमीस,
आजीचे अ. आ. राग निराळा काढून ठेवलाय, तू म्हणालीस तसा.

पत्र वाचून पिशवी घेतली आणि दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, पूस तो तिसरा. त्याला कोण आनंद. फडकं ओलं करून आणलंन, वर म्हणतो आजी, मोठं मन लागतं माघार घ्यायला. पुसून झालं. मग म्हटलं, आता लिही: आजी, दुसरा. त्याच्या हातातला खडूच मोडला.

कारण ऐक. तू यायला नाही म्हणालीस तर मी काय तुझ्या नावाने दार लावून बसू? तू म्हणालीस दुसरी शोधा, शोधली. तुझ्या जागेवर, गाठोडी झेलायला, एक नवी पोरगी लागली आहे. तिला सगळे लंबू म्हणतात. आपल्या दारातून आत येताना तिचं कपाळ आपटलं, बाहेर जाताना परत आपटलं. बोलत नाही. विचारलं की मान हलवते, ती हो म्हणून की नाही म्हणून ते आपण ठरवायचं. फुटबॉल खेळलीस का कधी, तर मान हलवली. मी हो असं धरलं. पुढे कळलं की नाही होतं.

पण हात, ठमे. हात बघायला हवे होतेस. मी आपली गल्लीत खुर्ची टाकून बसले आणि ओले टॉवेल पिळून त्यांचे बोळे करून तिच्यावर फेकायला लागले. सगळे झेलले. घड्या घालणाऱ्या तिघी आल्या, त्यांनी तिन्हीकडून गाठोडी फेकली. झेलली. तुझ्या बापाने दोन फेकली आणि गुडघा धरून पायरीवर बसला, फेकणाऱ्यालाच लागलं. बॉयलरवालीने तर धावत येऊन फेकलं, ते लंबूने एका हातात पकडलं. दुकानदार दुकान सोडून बाहेर आला होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती फळ्याकडे बघत राहिले.

ड्रायव्हरदादाचं म्हणणं, चेंडूने शिकवू या. मी म्हटलं तू गाडी बघ. आमच्या लॉन्ड्रीतल्या बाईला चेंडूची काय नवलाई, गाठोडं झेलणाऱ्या हातांना चेंडू म्हणजे लिंबू. आता रोज पाळी सुटली की गल्लीत आमचं हेच चालतं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या खिडकीची एक काच गेली, पण तो बहिरा आहे, त्याला वाटतं वाऱ्याने गेली.

येत्या शनिवारी नर्सबाईंशी सरावाचा सामना ठेवलाय. बघायला ये म्हणत नाही. तुझ्या खिडकीत तू बरी आहेस ना, मग बरीच राहा.

लोभ मोजत बसू नये, म्हणून नुसता आहे एवढंच लिहिते.

तुझी
आजी


२४ जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, बाहेर रांग आहे.

गाठोडी बंद करा. आजच. हे पत्र शनिवारआधी पोचलं तर लंबूकडे एकही गाठोडं फेकू नका. तिचे हात चांगले आहेत हेच तर भ्यायचं कारण आहे. माझेही चांगलेच होते. तुम्ही तिला झेलायला शिकवत नाही आहात, झेलल्यावर जे करायचं ते पक्कं करून देताय.

झेलला की पोटाशी धरून खाली बसायचं. वळायचं नाही. बसायचं. मग बघायचं, मग टाकायचा. आणि कॉर्नरच्या वेळी तिला पहिल्या खांबाला चिकटून उभी करू नका, उंच आहे म्हणून ड्रायव्हरदादा नक्की तसंच करेल. मधे उभी करा. आणि हाताला तेल लावून येऊ देऊ नका.

मी परत येत नाहीये. फक्त सांगतेय. आणि फळ्यावरचा आकडा वर चढवू नकोस, माझी शपथ आहे असं लिहिणार होते, पण तू ती पाळणार नाहीस.

तुझी
ठमी


२८ जुलै

चि. ठमीस,
आजीचे अ. आ.

शनिवारी सामना झाला सकाळी आणि तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी. पोस्टमनला मी दारातच सुनावलं. तो म्हणाला आजी, मी काय करू. खरंच, त्याने काय करायचं.

पहिला अर्धा तास, ठमे, काय सांगू. नर्सबाईंनी मारलेला प्रत्येक चेंडू लंबूच्या हातात. कॉर्नरला खांबाला चिकटूनच उभी होती, तू म्हणालीस तसं ड्रायव्हरदादाने तेच केलं. तरी सगळे झेलले. मधे मधे तिचा पाय घसरायचा म्हणून ती झेलून तिथेच पडायची, त्यामुळे निभावत होतं. मी माझ्या खुर्चीवर इतकी खूश की शेजारच्या नर्सबाईंच्या डॉक्टरांना माझ्या पिशवीतले चणे दिले.

मग एक चेंडू आला साधा, उंच, मऊ, अगदी पहिल्या पाळीच्या पहिल्या गाठोड्यासारखा. लंबूने उभ्याउभ्या छातीवर घेतला. घेतला, डावीकडे वळली आणि मागच्या जाळीत सोडला.

आणि परत समोर वळून हात पसरून उभी राहिली.

मैदान हसलं. नर्सबाई हसल्या, सिमेंटवाले खास बघायला आले होते ते हसले, दुकानदार कुंपणाला धरून हसला. आपल्या बॉयलरवालीने डोकं धरलं आणि गवतात बसली. लंबूला काय झालं ते आधी कळेना. कळलं तशी ती जाळीत जाऊन चेंडूशेजारी गुडघ्यात मान घालून बसली, एवढी उंच पोर आणि एवढीशी झाली.

मीही हसले. रागावू नकोस, पुढे वाच. मी हसले आणि खुर्चीवर उभी राहिले, तुझा बाप खुर्ची धरून ओरडत होता की पडशील. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की आता हसून घ्या, कारण आज कळलं की माझी नात वेंधळी नव्हती. लॉन्ड्रीच्या त्या जागेवर ज्या कुणाला उभी कराल तिचे हात हेच करतील. ही पोरगी ठमीला ओळखत नाही, तिने तो सामना पाहिला नाही, तिला कुणी सांगितलेलं नाही. तरी तसंच, डावीकडेच, जाळीतच, आणि वर हात पसरून. मग दोष कुणाचा? कामाचा. आणि दोष कुठे आहे ते कळलं की तो काढता येतो, डाग कुठे आहे ते कळलं की साबण कुठे लावायचा ते कळतं तसा.

तिथून तशीच दुकानात गेले. दुकानदार माझ्या मागून धावत आला, त्याला वाटलं आता पुसायला सांगते. सांगितलंच. आणि म्हटलं, लिही: आजी, पहिला. त्याने मला पाणी दिलं बसायला सांगून, बिचाऱ्याला वाटलं चक्कर आली असेल. पण लिहिलं.

तू रोज आठवत बसतेस असं लिहिलं होतंस. आता आठवशील तेव्हा दोघी जणी आठव. तू एकटी नाहीस त्या चित्रात.

आता मला सांग, तो डाग काढायचा कसा. मला झेलण्यातलं कळतं, टाकण्यातलं नाही. लंबू तेव्हापासून कामाला येतेय पण सरावाला येत नाही. मी तिला म्हटलंय, ठमीचं पत्र येऊ दे.

लोभ सध्या तुझ्याकडे जास्त झालाय, थोडा लंबूकडे पाठव.

तुझी
आजी


२ ऑगस्ट

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी खिडकीत बसून वाचलं आणि इतकी हसले की रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, बस रद्द झाली का. मग रडले. मग त्यांना चुकीच्या गावाचं तिकीट दिलं. ते परत आले नाहीत, म्हणजे बहुतेक तिथेच गेले.

हात पसरून उभी राहिली हेही? खरंच तेही? मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मला इतके दिवस वाटत होतं की साऱ्या जगात ही एकच बाई आहे जिने असं केलं, आणि तिच्याच कातडीत मला राहायचंय.

लंबूला सांग, मी तिला पाहिलेलं नाही, पण ओळखते.

आता डागाचं. मी खूप विचार केला. आपण संध्याकाळी तासभर सराव करतो आणि दिवसभर त्याच्या उलटा सराव करतो. तासाभराने दिवसाला कसं हरवायचं? नाही हरवता येणार. तेव्हा दिवसच बदलायला हवा. जाळीची गाडी मागे डावीकडे असते ती उचलून समोर ठेवा. गाठोडं आलं, झेललं, वळायचं नाही, दोन पावलं पुढे जाऊन समोरच्या गाडीत टाकायचं. मोसम सुरू व्हायला वेळ आहे. तेवढे दिवस हातांनी पुढे टाकलं तर मैदानातही पुढेच टाकतील. एकट्या लंबूची नाही, त्या पाळीतल्या सगळ्यांच्या गाड्या समोर करा, नाहीतर ती एकटीच वेगळी दिसेल आणि परत सगळे तिच्याकडे बघत बसतील. सुपरवायझर ओरडेल. ओरडू दे. मैदानात ट्रक उभे करतो म्हणाला तेव्हा त्याने आपल्याला कुठे विचारलं होतं.

आणि तुझा पहिला नंबर. मला हसू येत होतं, पण मग मी खिडकीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून ठेवलाय. माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही.

मी शुक्रवारच्या बसने येतेय, सामन्याच्या आदल्या दिवशी. फक्त गोलामागे उभी राहून लंबूला ओरडून सांगायला. दुसरं काही मनात आणू नकोस. आईने माझे हातमोजे कुठे ठेवलेत? सहज विचारते.

लोभ लंबूकडे पाठवला आहे, पोच कळव.

तुझी
ठमी


९ ऑगस्ट

चि. ठमीस,
आजीचे अ. आ.

पोच: लंबूला लोभ पोचला. तिने मान हलवली, आणि या वेळी मला कळलं की हो होतं. सरावाला येते.

गाड्यांचं ऐक. बॉयलरवालीला तुझं पत्र वाचून दाखवलं, ती निम्म्यातच उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत सगळ्या बायांनी सगळ्या जाळीच्या गाड्या ढकलत ढकलत समोर आणल्या. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, मग विचारून काय मिळवलं असतं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. निम्म्या बाया झेलून डावीकडे वळायच्या आणि गाठोडं रिकाम्या फरशीवर टाकायच्या. एकीने तर सवयीने सुपरवायझरच्या अंगावर टाकलं, तो नेमका गाडीच्या जुन्या जागेवर उभा होता. दवाखान्याच्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी कमी पडल्या. मग हळूहळू पडेनाशा झाल्या. आता बाया हसत पुढे टाकतात, कुणी मुद्दाम लांबून टाकते. काम पहिल्यापेक्षा थोडं मागे आहे, ते मी नाकारत नाही.

सुपरवायझरने चौकशी केली ही अक्कल कुणाची. सगळ्या बायांनी मोठ्या अभिमानाने माझं नाव सांगितलं. तुझं नाव मीच घेऊ नका म्हटलं होतं.

तर काल तो आला, आणि एकटा नाही, वरच्या साहेबांना घेऊन. साहेब तरणा माणूस आहे, बूट बाहेर काढून आत आला, मला तिथेच आवडला. त्याला चांगली खुर्ची दिली. सुपरवायझर उभाच राहिला, रागावलेल्या माणसाला बसवत नाही. त्याने तक्रार सुरू केली. निवृत्त बाईने लॉन्ड्रीत ढवळाढवळ करावी हे कुठल्या नियमात बसतं, एका फुटबॉलपायी कामाची घडी मोडली, आणि झेलल्यावर वळतात हे सगळं थोतांड आहे, माणूस म्हणजे काय यंत्र आहे, तो मनात येईल तिकडे टाकतो. साहेब मान हलवत होते. तुझी आई चहा घेऊन आली आणि साहेबांच्या हातात कप दिला.

मी तेव्हा टॉवेलांची टोपली घेऊन बसले होते. काय सुचलं देव जाणे. एक टॉवेल गुंडाळला आणि काही न बोलता सुपरवायझरच्या छातीवर फेकला.

तो गाठोड्यांतच वाढलेला माणूस, सुपरवायझर व्हायच्या आधी झेलायच्या त्याच जागेवर उभा असायचा. त्याने झेलला. छातीवर, अगदी घट्ट. डावीकडे वळला. आणि टाकला.

डावीकडे साहेब बसले होते. टॉवेल मांडीवर, चहा टॉवेलावर, कप तुझ्या आईच्या पायाशी. आणि सुपरवायझर परत माझ्याकडे वळून, ठमे, दोन्ही हात पसरून उभा.

मी दुसरा टॉवेल हातात धरूनच होते, पण फेकला नाही. दया आली. त्याने आपल्या हातांकडे बघितलं, मग साहेबांच्या विजारीकडे, मग परत हातांकडे. साहेबांनी त्याला विचारलं, ती जागा सोडून तुला किती वर्षं झाली. तो म्हणाला, लग्नाआधी सोडली. त्याची थोरली यंदा कॉलेजात गेली. मग साहेब जे हसले, त्यांनी टॉवेलातच तोंड घातलं. शेवटी सुपरवायझरही हसला, म्हणजे त्याच्या मिशा हलल्या, मी हसला असं धरते.

मग साहेब उठले आणि म्हणाले, "गाड्या पहिल्या सामन्यापर्यंत समोर राहू द्या. मैदानाचा निर्णय मात्र बदलत नाही. आठवे आलात तर ट्रक येणार."

मी म्हटलं बरोबर आहे, आठव्यांना मैदान कशाला हवं. मग मी त्यांना विचारलं, तुमच्या मते कितवे येऊ. ते म्हणाले सहावे आलात तर मला आनंद होईल. मी म्हटलं, चला दुकानात, फळ्यावर लिहू या, साहेब, सहावा. ते नको म्हणाले. लोकांना धीर कमी असतो, शिकलेल्यांना आणखी कमी. सुपरवायझरने मात्र दाराशी थांबून हळूच विचारलं, पहिला नंबर तुम्ही खरंच म्हणता का. म्हटलं, तुझ्या हातांना विचार, ते खोटं बोलत नाहीत.

बिस्किटवाल्यांशी आता आपण हरत नाही. नवीन हिशोबात ते बसत नाही.

हातमोज्यांचं सहज विचारलंस, सहजच सांगते. आईने माळ्यावर टाकले होते, मी काढले, दोनदा धुतले, दोरीवर वाळताहेत. ड्रायव्हरदादाने संघात तुझं आणि लंबूचं, दोघींची नावं दिली आहेत. मी सांगितलं म्हणून नाही, लंबूने सांगितलं म्हणून. तोंडाने सांगितलं, ठमे, शब्दांत. ती म्हणाली, एकीने आत उभं राहायचं आणि एकीने मागून 'पुढे, पुढे' असं ओरडायचं, कोण कुठे ते त्या दिवशी ठरवू. एक नंबरचा शर्ट एकच आहे. तुला आखूड होणार नाही आणि तिला होईल, यापलीकडे मी त्यात पडत नाही.

शुक्रवारी बसस्टँडवर तुझा बाप येईल, मी दुकानाशी उभी असेन. त्याच रस्त्याने यायचं. फळ्यापाशी थांबायचं, वाचायचं आणि मगच घरी.

लोभ आता पाठवत नाही, समोरच देते.

तुझी
आजी

ता. क. पहिला सामना शनिवारी. रविवार मी मोकळा ठेवलाय, अभिनंदनाला लोक येतील, खुर्च्या शेजारून मागून ठेवल्या आहेत. साहेब आणि सुपरवायझर गाड्यांचं पुढचं ठरवायला सोमवारी संध्याकाळी परत येतो म्हणाले आहेत.